घाईत छापलेलं कार्ड

मित्रांनो, मी छपाईच्या दुकानातला एक जुना कीबोर्ड आहे. माझी अर्धी अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत. कारखान्यातून आलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पण माझा तोरा मालकांच्या चहाच्या पहिल्याच कपाने उतरवला.

आमच्याकडे श्रद्धांजलीची कार्डं छापली जात. पुढे मजकूर लिहून देणारं एआय आलं. लोक म्हणू लागले, आता मालकांचं काय काम? पण मालक गिऱ्हाइकाला आधी बसवायचे, बोलतं करायचे.

"प्रेमळ होते, असं सगळेच म्हणतात हो. चिडायचे कशावर, ते सांगा."

डोळे पुसता पुसता माणसं हसायची. मग मालक माझ्यावरून एआयला नीट सांगायचे: गेलेले गृहस्थ शेजाऱ्यांचे पंखे फुकट दुरुस्त करायचे आणि वर चार शब्द सुनावायचेही. कार्ड वाचणार त्यांची धाकटी बहीण. मजकूर लहान हवा, गोड विशेषणं नकोत. उत्तर पटलं नाही, तर काय खटकलं ते सांगून पुन्हा लिहून घ्यायचे. लोक ती कार्डं जपून ठेवायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मालक थकले आणि दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. पोर कामसू, पण सदा घोड्यावर बसलेली. तिने एकच सूचना साठवून ठेवली होती: 'भावपूर्ण श्रद्धांजली लिही.' नाव बदललं की काम फत्ते.

मग मालकच गेले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती माझ्यापुढे बसली आणि हाताच्या सवयीने तीच सूचना दिली. मी कळवळलो. मालकांची अखंड बडबड, चिडचिड, खोड न् खोड मला पाठ होती, पण मला कुठे वाचा आहे?

कार्डं छापून घरोघर वाटली गेली. त्यानंतर तिच्या आईने चष्मा लावून एक वाचलं. 'मितभाषी, सदैव हसतमुख...'

"छान आहे गं," आई म्हणाली. "पण हे कोण?"

मुलीने कार्ड हातात घेतलं. पुन्हा वाचलं आणि आईच्या कुशीत शिरली.

"आई, मी बाबांनाही उरकून टाकलं गं!"

मित्रांनो, एआयला कामाला जरूर लावा. पण तुमच्या माणसाला ते ओळखत नाही, तुम्ही ओळखता. तेवढं सांगण्यापुरते तरी थांबा.