सरकवलेल्या हद्दीची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मंद्रूपजवळच्या काळ्या रानात, दोन शेतांच्या मधोमध मी उभा असतो. दगडालाही भीती वाटते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण माझी कित्येक वर्षं भीतीतच गेली.

पाथरवटाने मला खाणीतून काढून चारी बाजूंनी तासलं. सरकारी मोजणीदारांनी साखळी टाकून जागा ठरवली, खड्डा खणला. त्यात आधी पाटीभर कोळसा टाकला, कारण कोळसा मातीत कुजत नाही, आणि त्यावर मला रोवलं. माझ्या पूर्वेला श्रीमंतचं रान, पश्चिमेला भीमाशंकरचं. श्रीमंतचं रान त्याच्या आजोबांनी रीतसर खरेदीखत करून घेतलं होतं. पुढे ते वारशाने वडिलांकडे आणि मग त्याच्याकडे आलं. माझ्यापासून वीस पावलांवर त्याची विहीर होती. उन्हाळ्यातही तिला पाणी असे.

एकोणीसशे एकवीस साली श्रीमंतला कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात काम मिळालं. बायको गोजाबाईला घेऊन तो तिकडे गेला. रान पडीक राहिलं.

त्याच साली एका बाजारच्या दिवशी भर दुपारी भीमाशंकर बैल घेऊन आला. सारा गाव मंद्रूपच्या बाजाराला गेलेला होता. त्याने माझ्याभोवतीची माती उकरली, मला साखळदंडाने आवळलं आणि बैलांना हाकललं. मुळासकट उपटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चाळीस पावलं मी फरफटत गेलो. विहीर मागे पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा विहिरीसाठीच मला नेतो आहे. पलीकडे त्याने मला पुन्हा रोवलं आणि माती पायाने दाबली.

मग त्याची नजर जवळच्या कडुनिंबाखाली गेली. तिथे मेंढरं राखणारी केराबाई बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. सुगी झाली की ती भीमाशंकरच्या रानात मेंढरं बसवी. त्यांच्या खताच्या बदल्यात तिला वर्षाचं धान्य मिळे.

भीमाशंकर तिच्याजवळ गेला. आवाज न चढवता म्हणाला, “केराबाई, तू काय बगितलं न्हाईस. मेंढरं माज्याच रानात बसवायची हायत की तुला.”

केराबाईने मान खाली घातली.

त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात शिरली. येणारेजाणारे माझ्याकडे बघत आणि म्हणत, इथपर्यंत भीमाशंकरचं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता आणि मी रोज खोटं सांगत उभा होतो. विहिरीवर भीमाशंकरची मोट चालू लागली. ज्यांना खरी जागा आठवत होती, ती म्हातारी माणसं एकेक करून गेली.

अकरा वर्षांनी गोजाबाई एकटीच परत आली. श्रीमंत तिकडेच तापाने वारला होता. आता रान तिच्याकडे आलं होतं. ती घागर घेऊन विहिरीवर गेली, तर भीमाशंकरने तिला दगड कुठे आहे ते बघायला सांगितलं. ती माझ्यापाशी आली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मित्रांनो, त्या क्षणी जमीन दुभंगून मला गिळती तर बरं झालं असतं.

तिने सोलापूरला जाऊन शिवयोगी वकिलांना गाठलं. परतल्यावर ती माझ्या सावलीला टेकली आणि मेंढरांमागे आलेल्या केराबाईला सगळं सांगू लागली. वकील म्हणाले होते, जमीन विकत घेऊन आपली होते, वारशाने होते, कुणी बक्षीस दिली तर होते. पण आणखीही एक वाट आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर एखादा उघडपणे मालक म्हणून बारा वर्षं बसला आणि खरा मालक कोर्टात गेलाच नाही, तर मालकाचा हक्क बुडतो. खरेदीखत पेटीतच राहतं. आणि भीमाशंकर तर चौदा वर्षं झाली म्हणत होता.

जवळच्या कोकराच्या लोकरीत केराबाईची बोटं घट्ट रुतली होती.

गोजाबाईने दावा लावला. कोर्टाच्या हुकमाने मोजणीदार आले. साखळी जिथे थांबली तिथे त्यांनी खणलं, तर कोळसा निघाला. माझी खरी जागा सापडली. भीमाशंकर जराही डगमगला नाही. दगड हलला असेल, पण त्याला चौदा वर्षं झाली, श्रीमंत इथे असतानाच हलला, असं त्याने सांगितलं. गोजाबाईचा शब्द तिच्याच दाव्यात पुरा पडणार नव्हता. मोजणीदाराने विचारलं, कुणी पाहिलं आहे का? जमलेली माणसं जमिनीकडे बघत राहिली. मी ओरडू शकलो असतो तर!

मेंढरांच्या मागून केराबाई पुढे आली. एका हाताने तिने आपल्या लेकीला धरलं होतं.

“अकरा वर्सं झाली,” ती म्हणाली. “मी हितंच निंबाखाली बसले होते. पोटात ही मायाक्का होती. दगड वडला, त्येच्या आठ दिसांनी ही झाली. पाटलाच्या वहीत हाय हिचा जलम.”

भीमाशंकर फक्त तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेची मला आजही धास्ती वाटते.

वहीतली तारीख कोर्टाने पाहिली. दावा लावला त्या दिवशी बारा वर्षं भरायला पाच महिने कमी होते. विहीर गोजाबाईची ठरली आणि मला पुन्हा माझ्या जागी रोवलं. भीमाशंकरने मात्र केराबाईला आपलं रान बंद केलं. तो पावसाळा तिने फार हालात काढला. सुगीनंतर गोजाबाईने तिची मेंढरं स्वतःच्या रानात बसवून घेतली.

एके सकाळी भीमाशंकरची बायको घागर घेऊन आली आणि माझ्यापाशी थबकली. गोजाबाईने तिला बघितलं.

“भर की,” ती म्हणाली. “पानी समद्यांनी भरावं. फकस्त इचारून भरावं.”

मित्रांनो, माझी भीती अजून पुरती गेलेली नाही. बैलांच्या साखळदंडाचा आवाज आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आपली जमीन आणि आपले कागद वेळच्या वेळी बघत जा. आणि दुसऱ्याचं कुणी ओढून नेताना दिसलं, तर ते सांगा. कोळशाने माझी जागा दाखवली, पण साल सांगायला एक घाबरलेलं माणूसच लागलं.