मोठ्या सरांचा वेळ

गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. ते बजावणं काही टिकलं नाही.

आजवर प्रत्येक कॉलेजची प्रवेशपरीक्षा निराळी असे. ज्याची त्याची तारीख, ज्याचा त्याचा पेपर, आणि पोरांची या गावाहून त्या गावाला वणवण. आता सगळ्या कॉलेजांची मिळून एकच परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर, एकाच ठिकाणी. ती खुली करण्याआधी प्राध्यापकांनीच विद्यार्थी होऊन पेपर सोडवायचा आणि त्यांना लागलेल्या वेळावरून पोरांना किती वेळ द्यायचा ते ठरवायचं, असं संयोजक मॅडमनी योजलं. प्रत्येक विषयाला दोघं. गणिताला मोठे सर, ज्यांच्या हाताखाली अर्धी स्टाफरूम शिकली होती, आणि बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतलेली ती.

घोळ एवढाच होता की गणिताचे ते प्रश्न तिनेच टाइप केले होते. रजेच्या शेवटी, घरी बसून, लेकीला मांडीवर थोपटत, उत्तरांसकट; आणि मॅडमना याचा पत्ता नव्हता.

"प्रश्न आधी कुणी पाहिले असतील तर सांगा," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा तिने तोंड उघडलंही होतं. पण शेजारचा फिजिक्सवाला मध्येच म्हणाला, "जमेल ना हो? आमची ही म्हणते, बाळंतपणात निम्मी अक्कल बाळाकडे जाते." सगळे हसले. तिनेही हसून घेतलं, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

मग काय, पेपर सरसर सुटला. सगळ्यांत आधी ती उठली. फिजिक्सवाल्याने कान पकडले, कुणी टाळी दिली. मोठे सर मात्र अजून बसलेले. प्रश्न वाचायचा, कागदावर सोडवायचा, पुन्हा ताळा करायचा आणि मग माउस हातात धरून पडद्यावरचा बाण शोधायचा. बाकीचे चहा पिऊन आले तरी त्यांचं चाललेलंच. शेवटी उठले तेव्हा म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला."

सरांना कॉम्प्युटरची सवय नाही, म्हणून त्यांचा वेळ बाजूला ठेवू आणि तिचाच धरू, असं मॅडमनी फार हळुवारपणे सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे. म्हाताऱ्या बैलाच्या चालीवर शर्यत कोण लावतं?" पुन्हा हशा. सरही हसले. ती पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधत राहिली.

त्याच वेळावर बेतलेली सराव परीक्षा लगेच सगळ्यांसाठी खुली झाली. घरी तिची धाकटी नणंद यंदा प्रवेशाला बसणार होती. पोरगी भारी नेटकी. गणित अर्धवट सोडून ती जेवायलाही उठत नसे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती पेपर सोडवत बसली, आणि टेबलाखाली लेक चमचा आपटत. बघता बघता वेळ संपला आणि पडदा आपोआप बंद झाला. नणंद त्या काळ्या पडद्याकडे बघतच राहिली. पेन्सिल अजून बोटांत.

"वहिनीला विचार की," सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "सगळ्यांना मागे टाकलं म्हणे तिने." ही बातमी तिच्या नवऱ्याने आईला मोठ्या कौतुकाने सांगितली होती.

"मला सगळं येत होतं गं वहिनी," नणंद म्हणाली. "तुझ्यासारखा हात चालत नाही, एवढंच. मीच मठ्ठ."

नाही गं, मठ्ठ नाहीस तू, हे अगदी ओठांवर आलं होतं. निघालं ते असं, "सराव कर, वेग येईल." आणि ते ऐकून पोरीने शहाण्यासारखी मान हलवली. टाळ्यांपेक्षा, सरांच्या बैलापेक्षाही, तिला ती मान लागली. चोरी आपली आणि वर उपदेशही आपलाच. भरवताना तिला लेकीच्या तोंडाकडेसुद्धा बघवेना.

दुसऱ्या दिवशी वेळ पक्का करायची बैठक होती. आणखी कुणाला काही सांगायचंय का, असं मॅडमनी रिवाज म्हणून विचारलं आणि ती उभी राहिली.

"माझा वेळ धरू नका. ते प्रश्न मीच टाइप केले होते. उत्तरं मला आधीच ठाऊक होती."

फिजिक्सवाला पेनाचं टोपण काढघाल करू लागला.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?" मॅडम म्हणाल्या. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो चढला नाही.

"हो."

मोठे सर तिच्याकडे न बघता उठले. "नवे प्रश्न काढा," म्हणाले. "आम्ही दोघंही पुन्हा बसतो."

मॅडमनी दुसऱ्या कॉलेजने पाठवलेले प्रश्न लावले. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ धावू लागलं. यातलं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. एक प्रश्न तर दोनदा वाचूनही कळेना. शेजारी सरांचं पेन कुरकुरत होतं, मग ते थांबलं, खुर्ची मागे सरकली. सरांचं झालं होतं. तिचे अजून कितीतरी बाकी होते आणि सगळे बघत होते. कानशिलं तापली. दोन-चार उत्तरं अंदाजाने ठोकून उठावं, असं बोटांना फार वाटलं.

सर गेले नव्हते. मागे हात बांधून खिडकीशी उभे होते.

तिने कोरा कागद पुढे ओढला आणि अडलेलं गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायला घेतलं.