कुंडीतला पापुद्रा

खिडकीतल्या कुंडीत मातीवर एक पापुद्रा धरला होता. अर्धपारदर्शक, तळहाताएवढा, कडेला किंचित वर आलेला. नखाने उचलला तर अखंड निघाला. पाणी घातल्यावर माती असं करत नाही. पाणी मुरतं, माती काळपट होते, मग सुकून भेगाळते. हे मुरलंच नव्हतं. वरच्या वर सुकलं होतं.

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. हे काय आहे ते ओळखायला मिनिटही लागलं नाही.

पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यानंतर बाबांचं गिळणं बिघडलं. साधं पाणी फुफ्फुसात उतरण्याची भीती, म्हणून इथे नर्सिंग होममध्ये त्यांना पाण्यात पावडर कालवून देतात. चमचा उलटा केला तरी त्याची धार लागत नाही, गोळा पडतो. बोलता येत होतं तोवर बाबा त्याला खळ म्हणायचे. "मला काय शर्ट समजलात? कडक करून इस्त्री फिरवणार आहात का?" सिस्टर हसायच्या आणि चमचा पुढे करायच्या.

बाबांची सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रात झाली. रोज सकाळी टाकीतलं पेलाभर पाणी ते स्वतः पिऊन बघत. यंत्रावरचा आकडा नंतर.

दुसऱ्या झटक्यात बोलणं गेलं. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "पाणी पुरेसं जात नसेल तर पोटातून नळी घालावी लागेल. विचार करून सांगा." संमतीचा कागद तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आहे. दादा फोनवर म्हणतो, "तू सायन्सवाली. तू ठरव, मी नाही म्हणणार नाही." मी त्यालाही एकच सांगते, डॉक्टरांनाही तेच. बघू.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला असतो. किती प्यायले, किती लघवी झाली. सकाळ-संध्याकाळ सिस्टर भरवतात, तिथे तीस, चाळीस असे आकडे. दुपार आईकडे. तिच्या गोल, नीट अक्षरात रोज तीन वेळा दीडशे. त्या दीडशेंवर मी तगून होते. "आईच्या हातून पितात बघा," असं मीच डॉक्टरांना सांगत होते. दोन आठवड्यांत वजन तीन किलोंनी उतरलं, तेव्हा मी वजनाची खुर्ची तपासून घ्यायला लावली. खुर्ची बरोबर होती.

आई पेला विसळून आली.

"आई, झाडाला काय घालतेस?"

"पाणी. दुसरं काय घालणार?"

मी तो पापुद्रा तिच्या हातावर ठेवला.

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त बस कंडक्टर असतात. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. "मी काही पाहिलेलं नाही हं, वहिनी."

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली. मग खुर्चीवर बसली.

"किती दिवस?"

"झाले पंधरा-सोळा."

"सगळंच्या सगळं?"

"दोन चमचे घेतात. मग तोंड मिटतात. एकदा मिटलं की मिटलं. बावन्न वर्षं बघतेय मी, ह्यांना कोणी बळेबळे चहासुद्धा पाजलेला नाही."

"मग तसं लिहायचं ना."

"लिहिलं असतं तर त्याच दिवशी नळी घातली असती."

"म्हणजे तुला नळी नकोय."

"मला काय हवंय ते राहू दे. ह्यांना नकोय. तुझ्यासमोरच बोलले होते."

बोलले होते. आठ महिन्यांपूर्वी. समोरच्या पलंगावर तेव्हा नळी घातलेले एक गृहस्थ होते. छताकडे बघत असायचे, कोणाच्याही हाकेला ओ द्यायचे नाहीत. बाबा माझं मनगट धरून म्हणाले, "मला असं ठेवायचं नाही. शुद्धीवर सांगतोय." मी म्हटलं होतं, "बघू, बाबा."

"मला का नाही सांगितलंस?"

आईने नॅपकिनची घडी घातली, मोडली, परत घातली. "सांगितलं असतं तर तुला नळीला नाही म्हणावं लागलं असतं. स्वतःच्या बापासाठी. ती पाळी तुझ्यावर यायला नको, म्हणून. म्हटलं, माझ्या हातून निभतंय तोवर निभू दे."

मी उठून खळीचा चमचा बाबांच्या ओठांशी नेला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. रागाने नाही. काम संपल्यावर कपाट बंद करावं, तितक्या शांतपणे.

चमचा खाली ठेवला. ओठ ओले करायला सिस्टर गॉजचे तुकडे ठेवून जातात. त्यातला एक बेसिनच्या नळाखाली भिजवला, पिळला आणि त्यांच्या ओठांवर फिरवला. ओठ उघडले. त्यांनी तो हलकेच चोखला, आणि आलेले थेंब जिभेवर तसेच धरून ठेवले. किती तरी वेळ. कपाळावर ती जुनी आठी आली, पाणी पारखतानाची.

"बघ," आई हळूच म्हणाली.

चार वाजता डॉक्टर आले. त्यांनी तक्ता हातात घेतला. "दुपारचं तर चांगलं चाललंय की."

"दुपारचे आकडे चुकलेत, डॉक्टर. इतके दिवस. खुर्ची बरोबर आहे."

त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कंडक्टरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही.

"मग आता नळीचं लांबवून चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "काय करू या?"

जिभेवर तोच 'बघू' आला होता. आईने नॅपकिन घट्ट धरला होता आणि खाली बघत होती. मी पर्समधला कागद काढला, न भरताच त्यांच्या हातात दिला.

"नळी घालायची नाही," मी म्हणाले. "बाबांनी मला सांगितलं होतं. शुद्धीवर होते."