मामाचं शेपूट

आधीच सांगून देतो, मी खोटं बोलत नाही. वाढवून सांगतो. दोन्हीत फरक आहे, पण आमच्या गावात तो कोणाले समजत नाही. आता गोष्ट सांगायची म्हणलं तं तिले थोडं तेलमीठ लागते का नाही? बिनामिठाचं वरण कोणी खाते का? पण नाही! गुलाबनं तोंड उघडलं का हे लोक आधी हासून घेतेत, मंग ऐकतेत.

त्या दिवशी सकाळी मी जीव घेऊन धावत आलो, तवा बी असंच झालं.

नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाले लागून आमचं गाव. धान पिकून पिवळाजर्द झाला होता, कापणी सुरू होती. मी बोडीकडे गेलो होतो. बोडी म्हणजे आमचा लहानसा तलाव. तिच्या मातीच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे लहानलहान वावरं, अन् बांध्या सरल्या का लागलंच जंगल. पाळीवर चढलो अन् पाहतो तं काय! बांध्यांच्या त्या टोकाले, उंच गवतात, मामा बसून!

मामा म्हणजे कोण ते समजून घ्या. जंगलाकाठचा माणूस त्याचं खरं नाव तोंडातून काढत नाही. नाव घेतलं का तो म्हणते, मलेच बोलावून राहिले, चला जाऊन पाहू. म्हणून आम्ही मामा म्हणतो. चार पायांचा, पट्ट्यांचा. आलं ना ध्यानात?

माहे हातपाय गार पडले बाप्पा! तरी खिशातून फोन काढलाच. काहून? कारण मांगच्या साली मी अस्वल पाह्यलं होतं, त्याची म्हैस निघाली. त्याच्या आधी बिबट पाह्यला होता, तो कवडूचा कुत्रा निघाला. दोन्ही वेळा मी गावभर बोंब मारली, दोन्ही वेळा वनखात्याचा गार्ड योगेंद्र फटफटी घेऊन धावत आला. शेवटी हात जोडून म्हणला, "गुलाबभाऊ, यापुढं फोटो असन तरच फोन करजा."

तं फोटो काढला. एकच. तेवढ्यात मामानं मान उचलली अन् सरळ माह्याकडे पाह्यलं. मंग मी कसा पळालो ते माह्या पायालेच माहीत. नहर ओलांडता ओलांडता घसरलो, फोन पाण्यात. काढला तवा काळाठिक्कर पडला होता.

गावात आलो तं चौकातल्या कडुलिंबाखाली बाया विळ्यांना धार लावून राहिल्या होत्या. त्यायच्यात माही बायको सरिता. ती या बायांची पुढारीण. कापणीचे ठेके तीच घेते, अन् कोणत्याही बांधीत पहिली मूठ तीच कापते, मंग बाकीच्या विळा लावतेत. उद्या सकाळी ह्या बाया कुठं जाणार होत्या? त्याच बोडीखालच्या बांध्यांत! आभाळ भरून आलं होतं, पाणी पडलं का धान आडवा, म्हणून मालकानं घाई लावली होती.

"सरिता, उद्या बोडीकडे जाऊ नोका! मामा आला आहे! बैलाएवढा!"

कवडू तिथंच पानाला चुना लावून राहिला होता. कवडू माहा लहानपणचा दोस्त, अन् दुश्मन बी तोच. "का गुलाब्या," म्हणते कसा, "आज म्हैस का कुत्रा?"

झालं. बाया अशा हासल्या, अशा हासल्या का एकीचा विळा हातातून पडला.

सरिता हासली नाही. "फोटो दाखवा," म्हणाली.

"फोन पाण्यात गेला."

मंग तं काही विचारूच नोका. माहा जीव तुटून राहिला होता अन् ह्यायले हासू आवरून नाही राहिलं. असा राग आला का कवडूचं पान त्याच्या तोंडात कोंबावं वाटलं.

तेवढ्यात दामिनी म्हणाली, "काका, फोनात मेमरी कार्ड होतं का? कार्ड पाण्यानं मरत नाही."

दामिनी कवडूची पुतणी. चौकातच तिचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, सातबारा काढून देते, फोटो छापून देते. काकासारखी नाही, पोरगी गुणाची. मी फोनचं कार्ड काढलं, सदऱ्याले पुसलं अन् गेलो तिच्या दुकानात. कवडू मांगं, बाया मांगं. माणसाची फजिती पाहायले आमच्या गावात कोणाले बोलावणं लागत नाही.

कार्डात सकाळचा एकच फोटो होता. दामिनीनं तो उघडला. नाही उघडला! पांढरी खिडकी आली, त्यात इंग्रजीत कायतरी लिहून होतं. तिनं ते न वाचताच बंद केलं, परत उघडला, परत तेच.

"दुसऱ्या फोनात टाकून पाहाय ना वं कार्ड," मी म्हणलं. पण तिच्या फोनले कार्डाची जागाच नाही, अन् कवडूच्या फोनले नुसती बटनं. त्याच्या त्या डबड्यावरून मी योगेंद्रले फोन लावला.

"फोटो आहे?" त्याचा आवाज एकदम बदलला. "मंग ऑफिसच्या मेलवर टाका. पण जेपीजीच टाका, दुसरा चालत नाही. मी साहेबाजवळच बसून आहो. फोटो पाह्यला का निघालोच!"

जेपीजी म्हणजे काय ते मले माहीत नाही. दामिनीले माहीत होतं. "फोटोच्या नावामांगं डॉट जेपीजी असलं का झालं," म्हणाली. फोटोचं नाव म्हणजे नुसते आकडे होते. "नवीन नाव देतो. काय देऊ?"

खरं नाव सांगन कोण? कवडू पान चघळत म्हणला, "मामाच लिव." तिनं इंग्रजी अक्षरात लिवलं, मामा डॉट जेपीजी. मेलले जोडलं, बटन दाबलं अन् गेला! आता पाहा म्हणलं, आता कोण हासते ते!

योगेंद्रचा फोन आला. मी सगळ्यायले ऐकू जाईन असा लावला.

"गुलाबभाऊ, फोटो उघडत नाही. अन् साहेब विचारून राहिले, हे मामा कोणाचे? वाढदिवस आहे का त्यायचा?"

साहेब नवीन होते, सांगलीकडचे. त्यायले काय माहीत! पण दुकानात जो हासा उसळला ना, तो मले अजून ऐकू येते. कवडू तं खुर्चीवरून खाली आला. "वाढदिवस! अरे गुलाब्या, मामाले केक तं ने!"

"पाणी गेलं असन काका," दामिनी हळूच म्हणाली. "फोटो खराब झाला."

सरितानं पदर खोचला. "चला वं बायाहो. धार अर्धीच राह्यली आहे."

मी दारात तिच्या आडवा झालो. काहून झालो, कसा झालो, माहीत नाही. "सरिता," म्हणलं, "गाव हासू दे. तूही हास. मले जलमभर गप्पाड्या म्हण. पण उद्या तिकडे जाऊ नोको. माह्या पाया पडतो तुह्या... म्हणजे तुह्या पाया पडतो मी!"

बोलता बी येऊन नाही राहिलं होतं. इतका भेलो होतो मी.

ती माह्या तोंडाकडे पाहत राहिली. "दरवेळी गोष्ट सांगता तवा तुमचे डोळे चमकतेत," म्हणाली. "आज काहून नाही चमकून राहिले?"

"कारण आज गोष्ट नाही आहे वं!"

तिचा चेहरा हालला. पण मंग तिनं बायांकडे पाह्यलं. "ठेका घेतला आहे जी मी. मालकाले काय सांगू? माह्या नवऱ्याचे डोळे चमकले नाही म्हणून धान पाण्यात जाऊ द्या? मले दाखवा कायतरी. काही बी दाखवा."

काय दाखवू? मी परत कॉम्प्युटरजवळ गेलो. राग त्या कॉम्प्युटरचा, राग फोनचा, सगळ्यात जास्त राग स्वतःचा. पडद्यावर ती पाठवलेली मेल अजून उघडीच होती. खाली एका पट्टीत फोटोचं नाव. इंग्रजी मले वाचता येत नाही म्हणता येणार नाही, अक्षरं लागतेत. एकेक अक्षर लावून राहिलो. मामा. डॉट. जेपीजी. अन् त्याच्या मांगं परत डॉट. अन् परत अक्षरं!

"दामिनी, तू मामाले दोन शेपटं काहून लावली?"

"म्हणजे?"

"हे पाहाय ना! जेपीजीच्या मांगं आणखी काय आहे?"

ती वाकली. वाचलं. एचईआयसी. मंग तिनं कार्डातली फाइल पाह्यली, तिथं नुसतं मामा डॉट जेपीजी. परत मेल पाह्यली, तिथं दोन शेपटं. परत कार्ड, परत मेल. अन् पोरीनं असा कपाळावर हात मारला का आवाज बाहेर गेला.

"काका! फोटो खराब नाही झाला! हा कॉम्प्युटर शेपूट लपवून ठेवते! मी जेपीजी लिवलं ते नुसतं नाव झालं, आतला फोटो दुसऱ्याच प्रकारचा आहे. खरं शेपूट मांगं तसंच होतं, मले दिसलंच नाही. मेलनं दाखवलं!"

"पण असा प्रकार आला कुठून?"

"फोनात कमी जागेत फोटो ठेवायची सेटिंग केली होती का कोणी?"

मीच केली होती! मंडईतल्या, म्हणजे आमच्या जत्रेतल्या, नाटकांचे व्हिडिओ भरून भरून जागाच नव्हती राह्यली. पण ते तवा मी काही बोललो नाही.

"म्हणजे कसं, पोत्यावर महागाचा चिन्नोर लिवलं म्हणून आतला साधा धान काही चिन्नोर होत नाही," मांगून सरिता म्हणाली. ती गेली नव्हती! बाया बी गेल्या नव्हत्या.

"अगदी तसंच काकी! आता आतलाच धान बदलतो." दामिनीनं वर कुठंतरी एक खूण केली, अन् पाहता पाहता पडद्यावरच्या साऱ्या फाइलींले शेपटं फुटली. कोणाचा सातबारा, कोणाची लग्नपत्रिका, साऱ्यायची शेपटं बाहेर! मंग तिनं इंटरनेटवर फोटोचा प्रकार बदलून देणारी एक जागा उघडली, फोटो तिथं टाकला. एक गोल चाक फिरायले लागलं. आमचं नेट तुम्हाले माहीत नाही, मेलेल्या बैलासारखं चालते. फिर बाबा, फिर! कवडूचं चघळणं बी थांबलं होतं.

अन् उघडला!

पिवळा धान, मांगं उंच गवत, अन् गवतात तो. मान वर, डोळे सरळ आमच्याकडे. बैलाएवढा नव्हता, ते मी कबूल करतो. पण होता!

"अगा माय!" एक बाई मांगं सरकली, जसा काही तो पडद्यातूनच येऊन राहिला होता. कवडूच्या तोंडातून पान खाली पडलं. अन् मी? मी टेबलावर अशी थाप मारली का दामिनीची चहाची कपबशी उडाली. "कुत्रा आहे का? सांग ना कवड्या, तुहा कुत्रा आहे का हा?"

दामिनीनं नवीन फोटो मेलले जोडला, या वेळी शेपूट तपासून. पाठवला. मंग आणखी नीट दिसावा म्हणून फोटो मोठा केला, अन् तिचा हात तिथंच थांबला.

"काका... हे काय आहे?"

फोटोच्या कोपऱ्यात, पिवळ्या धानातच, पिवळे दोन गोळे. आणखी मोठं केलं. चार कान. पिल्लं! मामा नव्हताच तो, पिल्लंवाली होती!

योगेंद्रचा फोन वाजला. तो बोलत नव्हता, ओरडून राहिला होता. "गुलाबभाऊ! पिल्लं आहेत! कोणाले तिकडे फिरकू देऊ नोका, दवंडी द्या गावात! मालकासोबत साहेब बोलतेत, आम्ही निघालो!"

कवडू उठला. वाटलं, आता पाया पडते का काय माह्या. पण तो दवंडी द्यायलेच धावला. तेवढं तं म्हणाच, दुश्मन असला तरी दोस्त आहे.

सरिता मात्र पडद्यापुढून हालली नाही. तिनं बोट लावून मोजलं. एक. दोन. तीन. मंग वळून म्हणाली, "जलमभर एकाचे तीन करून सांगतले तुम्ही. अन् आज तीन होते तं एकच सांगतला?"

"मी काय मोजायले थांबलो होतो तिथं?"

सारं दुकान हासलं. मी बी हासलो. तीच हासली नाही. तिनं परत पडद्यावर बोट ठेवलं. पिल्लं होती त्याच्या बाजूले एक वाकडं जांभळीचं झाड दिसत होतं.

"ही जांभळीची बांधी आहे," ती म्हणाली. "उद्या इथूनच सुरू करायचं होतं."

तवा मले समजलं. पहिली मूठ तीच कापते. बाकीच्या मंग.

हातातला विळा तिनं दामिनीच्या टेबलावर ठेवला अन् माहा हात धरला. साऱ्या गावासमोर. लग्नात धरला होता, त्याच्यानंतर चारचौघांत कधी धरला नव्हता. मी चांगली एक गोष्ट सांगून तिले हासवावं म्हणलं, पण काही सुचलंच नाही. आम्ही तसेच उभे राहिलो, दुरून योगेंद्रच्या फटफटीचा आवाज येतवर.