दुसरी बॅटरी

"इंजिन बंद केलं तरी गाणं थांबलं नाही पायजे, भाऊ," कुलदीप म्हणाला. "माही वरात सावरगावले जाते. सासरच्या लोकाईचे कान बसले पायजेत."

पांढुर्ण्यातल्या आपल्या दुकानासमोर संदीपने गाडीचे बॉनेट उघडले. कुलदीपने त्याला ओळखले नव्हते. मागच्या उन्हाळ्यात हीच गाडी बोरगावच्या विहारासमोर वाजत उभी होती आणि आत संदीपच्या बहिणीचे, सुप्रियाचे लग्न लागत होते. संदीप हात जोडून बाहेर आला, तेव्हा कुलदीपने हसून आवाज आणखी वाढवला. सुप्रियाने घेतलेली प्रतिज्ञा शेजारी उभ्या असलेल्या आईलाही ऐकू आली नाही.

डिकीत दुसरी बॅटरी बसली. दोन बॅटऱ्यांमध्ये रिले असतो. इंजिन बंद होताच तो त्यांना वेगळे करतो. गाण्यांनी डिकीतली बॅटरी संपवली, तरी गाडी सुरू करायला पुढची शाबूत राहते. संदीपने रिले बसवला आणि त्याच्यामागून एक तार टाकून दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडून ठेवल्या. फ्यूज मात्र नीट तपासून लावला. कोणी जळावे, अशी त्याची इच्छा नव्हती. नाचणाऱ्यांना धूर लागू नये म्हणून नवरीच्या दारात इंजिन बंद करतात, हे त्याला ठाऊक होते.

लग्नाच्या दुपारी फोन आला. संदीप पोहोचला तेव्हा गाडी मांडवासमोर मुकी उभी होती.

"काहो जावईबापू, धक्का मारू काय?" नवरीकडचे विचारत होते. "का नवरीलेच बोलावू ढकलाले?"

"लवकर कर ना बे!" कुलदीप घामाघूम झाला होता.

संदीपने सोबत आणलेल्या बॅटरीची केबल जोडायला घेतली. एक चिमटा लावून तो थांबला.

"बोरगावचं लग्न आठवते काय तुले? विहारासमोरचं?"

"कोणतं लग्न? काय बोलून राहिला तू? चिमटा लाव पयले."

संदीपने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हते.

संदीपने लावलेला चिमटा काढला.

"आठवलं तं फोन कर."

नवरदेव खाली मान घालून पायीच मांडवात गेला. मंगलाष्टकांचा शब्द न् शब्द रस्त्यावर ऐकू येत होता. नवरीची आई डोळ्यांना पदर लावून ऐकत होती. आता हलके वाटेल, असे संदीपला वाटले होते. तसे काही झाले नाही. त्याने केबल पिशवीत कोंबली.

रिलेमागची तार त्याने तशीच राहू दिली.