न बसवलेली खुंटी

पियानो लावणाऱ्या माणसाला एका घरातून वर्षात दोनदा बोलावणं आलं तरी पुष्कळ झालं. भूगोलाच्या बाईंकडे मी तीन महिन्यांत सहाव्यांदा निघालो होतो, आणि निघताना गुळगुळीत दाढी केली होती. बायकोने विचारलं, त्या पियानोला झालंय तरी काय? लाकूड जुनं झालंय, खुंट्या धरत नाहीत, असं मी सांगितलं. बाईंनाही हेच सांगत आलो होतो. धडधडीत खोटं. लाकूड उत्तम होतं.

आमचं काम जरा समजावून सांगतो, म्हणजे माझी लबाडी कळेल. पियानोत सव्वादोनशे खुंट्या. पान्याने खुंटी फिरवून तार सुरात आणणं कोणीही शिकेल. खरं कसब पुढे आहे. सूर केसभर वर न्यायचा आणि मग हलक्या हाताने मागे आणून खुंटी बसवायची. बसवली की सहा महिने निश्चिंत. नाही बसवली, तर त्या दिवशी सूर गोड लागतो आणि पंधरा दिवसांत उतरतो. बसवली की नाही, हे लावणाऱ्याच्या मनगटालाच ठाऊक. मी दर खेपेला बाईंच्या दोन खुंट्या मुद्दाम तशाच सोडून येत होतो.

का, ते सांगायला लाज वाटते. बाई विधवा, चाळिशीच्या, आणि माझ्या विनोदांना हसायच्या. घरी बायकोने, हिने, माझे सगळे विनोद पंचवीस वर्षं ऐकलेत; मी तोंड उघडलं की ही शेवट सांगून मोकळी होते. चर्चमध्ये मी तरुणांचा वर्ग घेतो. पापाला दारातच अडवा, असं त्यांना घसा खरवडून सांगतो. माझीही रोजची प्रार्थना चालू होतीच. फक्त त्या घराचा विषय प्रार्थनेत निघणार नाही, एवढी काळजी मी घेत होतो.

त्या दुपारी बाईंनी दार लावून घेतलं. बाहेर रस्ता खणत होते, त्या खडखडाटात सूर ऐकू आला नसता, हे खरंच. तरी कडी लागल्यावर मी दाराकडे वळून पाहिलं. मी पाना खुंटीवर चढवला. एरवी बाई खिडकीपाशी बसत. आज त्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या डाव्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला.

"आज घाई नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

घाई कसली? संध्याकाळपर्यंत घरी कोणी वाट बघणार नाही, हे मी दाढी करतानाच पाहून ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उत्तर टाळायला मी तार वाजवली, सुरात आणली आणि पाना काढला. काढला आणि घाबरलो. खुंटी बसवली नव्हती. आजवर मी ठरवून लबाडी करत होतो. या वेळी काही ठरवलंच नव्हतं. हाताने ते आपलं आपण केलं, मला न विचारता. तीस वर्षं कमावलेला हात, आणि तो माझा राहिला नव्हता. प्रभू, मला इथून बाहेर काढ, एवढंच मनात म्हणता आलं.

मी उठलो आणि लांब भिंतीला टेकून उभा राहिलो, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

"बाई, तुमच्या पियानोला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो. "खुंट्या मीच सैल सोडतो. तुम्ही परत बोलवावं म्हणून."

बाईंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी पियानोवर हात ठेवला.

"आमच्या यांचा पियानो आहे तो," त्या म्हणाल्या. "लाकूड गेलं म्हणालात, म्हणून या खेपेलाही सूर उतरला तर मी तो मोडीत द्यायला निघाले होते."

पाप माझं, जोखीमही माझीच, असं मी समजत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी दार सताड उघडलं, आधी खुंट्या बसवा आणि मग चालते व्हा म्हणाल्या, आणि मी काम संपवेपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

रस्त्यात सैतानाने दुसरं टोक धरलं. झालं तर काहीच नाही, मग बोभाटा कशाला? बायकोचं मन दुखवून काय मिळणार? तिच्या भल्यासाठी तरी गप्प बस. मला ते फार पटत होतं, म्हणूनच भीती वाटली. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच मी बोलायला लागलो. एकदा बसलो असतो तर बोललो नसतो.

ही इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेतलं, इस्त्री बंद केली.

"तुम्ही हात लावलात तिला?"

"नाही. पण लावला असता."

तिने माझे उरलेले शर्ट तसेच चुरगळलेले बाजूला ठेवले.

शनिवारी मी चर्चच्या पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी तरुणांचा वर्ग काढून घेतला, ते बरंच झालं. रविवारी प्रभुभोजन होतं; त्यात प्रभूच्या आठवणीची भाकरी ताटातून हातोहात फिरते, आणि मनात पाप किंवा राग ठेवून ती घ्यायची नसते. ही माझ्या शेजारी न बसता दोन रांगा पुढे बसली. ताट आलं की भाकरी न घेता पुढे द्यायचं, असं मी ठरवून आलो होतो, आणि लोक काय म्हणतील या विचाराने अंग चोरून बसलो होतो. ताट आधी तिच्याकडे गेलं. इतक्या वर्षांत तिने भाकरी कधी चुकवली नव्हती. ताट हातात धरून ती भाकरीकडे बघत राहिली. तिच्या शेजारी बसलेली आजी ताटकळली. माझ्यावरचा राग पोटात ठेवून तिला ती घेववेना. तिने ताट तसंच पुढे दिलं. पाप माझं, आणि भाकरी तिची चुकली; तिने तर काहीच केलं नव्हतं.