पार्ट आता येत नाही

घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एल्डन तोमसिचची गाडी दारात थांबते न थांबते तोच मार्लिस कोट न घालता बाहेर आली. नोव्हेंबरात त्या खाणीच्या गावात कोटाशिवाय बाहेर पडणारं माणूस एक तर वेडं असतं, नाही तर त्याला घरच्यांच्या चोरून काहीतरी बोलायचं असतं. मार्लिस वेडी नव्हती.

"आत आईला ऐकू जाईल, म्हणून इथंच सांगते," ती म्हणाली. "स्वयंपाकाची रेंज उघडा, दहा मिनिटं खाटखुट करा आणि सांगा, पार्ट आता येत नाही. मग तिची वायरच काढून टाका."

"पण बिघडलंय काय?"

"रेंज नाही बिघडलेली. आई बिघडलीये." बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. तिनं हात काखेत घट्ट दाबून धरले. "मागच्या महिन्यात ओव्हन लावून विसरली. आत ब्रेडचा प्लॅस्टिकचा डबा होता. घरभर धूर! गेल्या आठवड्यात कॉफीचं भांडं जाळलं. विचारलं तर म्हणे, मी नाही लावला, आपोआप लागतो. ओव्हनला काय भुतानं झपाटलंय? वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीये, आई नको म्हणते, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. रेंज बंद पडली की तीच म्हणेल, चला."

एल्डननं गाडीतून हत्यारांची पेटी उचलली. 'पार्ट आता येत नाही' हे वाक्य तीस वर्षं त्याच्या हत्यारांच्या पेटीत पक्कडीशेजारी पडून होतं. म्हाताऱ्यांच्या मुलांना ते फार सोयीचं असतं. भांडण नको, रडारड नको. दोष ना लेकीचा ना आईचा, कुठल्यातरी लांबच्या कारखान्याचा.

आत मार्लिसची आई, आइली लाहटी, टेबलापाशी बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, काडीसारखी, पण बसणं ताठ. समोर वेलदोड्याच्या पावाचे तुकडे मांडलेले.

"बूट काढून ये, पोरा," ती म्हणाली. पोराला साठावं लागलं होतं. "बाहेर हिनं तुला काय पढवलं ते मला नाही ऐकू आलं. पण अंगात कोट नव्हता एवढं खिडकीतून दिसलं. आम्हा दोघींत खुळी कोण ते आता तूच ठरव."

"आई!" मार्लिस म्हणाली.

"काय आई? माझ्याच घरात माझीच चौकशी, आणि मी गप्प बसू?"

एल्डननं रेंज भिंतीपासून ओढली. वर चार बर्नर, खाली ओव्हन, मागच्या बाजूला उभी पाटी. बर्नरना साधे फिरवायचे नॉब होते. ओव्हनचं काम मात्र पाटीवरच्या सपाट बटणांवर आणि मागच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालायचं. सगळं कसं गुणी बाळासारखं शांत होतं. घड्याळसुद्धा बरोबर.

दहा मिनिटांची खाटखुट करून निघता आलं असतं. पण तीस वर्षं गुडघ्यावर बसून यंत्रं उघडणाऱ्या माणसाचा हात आपोआप पुढं जातो. या जातीच्या बोर्डाला एक खोड असते, तो झालेले बिघाड लक्षात ठेवतो. एल्डननं दोन बटणं एकदम दाबून धरली. पाचव्या सेकंदाला काचेवर आकडा उमटला. एफ सात. पुन्हा दाबलं, एफ सात. पुन्हा, पुन्हा, पाचही वेळा तेच. त्याचा अर्थ, बटण अडकलंय, कुणी न दाबता दाबलं गेलंय.

म्हणजे सगळ्या घरानं चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ठरवलं होतं.

त्यानं वीज बंद केली, पाटी उघडली आणि बटणांकडून बोर्डाकडे जाणारी चपटी केबल उपसली. पुन्हा वीज लावून थांबला. बोर्ड ठणठणीत होता. दुखणं असलंच तर बटणांच्या पट्टीत. केबल परत जोडून त्यानं विचारलं, "मिसेस लाहटी, ओव्हन आपोआप लागला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"सकाळ होती. सकाळी माणूस कॉफी करतं."

"मग करा बरं आत्ता."

म्हातारी उठली. भांड्यात पाणी-कॉफी भरून तिनं नेहमीच्या मागच्या बर्नरवर ठेवलं आणि नॉब फिरवला. तिघंही बघत उभी राहिली. पाणी कढायला लागलं, वाफ सरळ वर गेली आणि बटणांच्या पाटीवर दवासारखी साचली. एल्डनचे हात खिशात होते. मार्लिस दाराशी होती. आइली टेबलाला टेकून होती. आणि कुणी बोट न लावता पाटी पिर्रपिर्र ओरडली, ओव्हनचा दिवा लागला, आतली सळई हळूहळू लाल झाली.

"बघ!" आइलीनं टेबलावर थाप मारली. "बघ, मार्लिस! दोन महिने मला खोटी पाडलंस! डॉक्टरला सांगितलंस, शेजारणीला सांगितलंस! बघ आता डोळे फाडून!"

मार्लिसचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, मला काय माहीत..."

"विचारलंस का? एकदा तरी?"

आता काय बोलायचं ते एल्डनला कळत होतं आणि जीभ जुन्याच वाक्याकडे वळत होती. हेच वाक्य त्यानं एकदा फुकट वापरलं होतं, स्वतःच्या आईवर. तिची रेंज बंद केली आणि सांगितलं, पार्ट आता येत नाही. ती बरं म्हणाली. दोन वर्षं डब्यातलं थंड जेवली आणि गेली. नंतर खण आवरताना त्याला एका दुकानाचं पत्र सापडलं, तिनं लिहिलेल्या पत्राचं उत्तर. 'आपण विचारलेला पार्ट उपलब्ध आहे.' पत्रावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. दर रविवारी तो समोर बसायचा, आणि तिनं एका शब्दानं त्याला पकडलं नाही.

"पार्ट येतो," तो मोठ्यांदा म्हणाला. "बटणांची पट्टी बदलावी लागेल. मंगळवारी घेऊन येतो. तोवर ओव्हन बंद ठेवतो."

आइली हसली, मग रडली, मग मार्लिसला पुन्हा पहिल्यापासून सुनावायला लागली. त्या गडबडीत कॉफी उतू जाऊन तापल्या बर्नरवर चरचरली. करपल्याचा वास सुटला. म्हातारी बोलतच होती. भांडं तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. एल्डन थोडा वेळ थांबला. वाटलं, आता वळेल, आता वळेल. मग त्यानंच हात लांब करून नॉब बंद केला.

आइली बोलता बोलता थांबली. तिनं त्याचा हात पाहिला, मग भांडं पाहिलं.

"हे कुणी ठेवलं?"

ती भांड्यावर वाकली.

"मी ठेवलं," ती स्वतःशीच म्हणाली. मग एल्डनकडे वळली. "गेल्या आठवड्यात भांडं जळलं, तेही असंच आपोआप का रे? या नॉबनाही वाफ लागते?"

एल्डननं मार्लिसकडे पाहिलं. ती म्हातारीच्या पाठीमागं उभी राहून जोरजोरानं मान हलवत होती. हो म्हणा, हो म्हणा. तासाभरापूर्वी एक खोटं मागणारी बाई आता दुसरं मागत होती, आणि हे दुसरं तर किती मायेचं! त्याचा जीव तुटला.

"नाही," तो म्हणाला. "नॉबना वाफ लागत नाही. ते हातानंच फिरतात."

मार्लिसनं तोंड फिरवलं. आइलीनं मात्र रेंजकडे पाहिलं. मग पुढं झाली आणि एकेक करून चारही नॉब ओढून काढले. ते सहज निघतात, पुसण्यासाठी काढावेच लागतात. ओंजळीत घेऊन तिनं ते लेकीपुढं धरले.

"घे. ओव्हन माझा, हे तुझे. रोज सकाळी येऊन मला कॉफी करून द्यायची. आणि त्या वृद्धाश्रमातल्या खोलीचं जे काय कळवायचं ते मला विचारून कळव."

मंगळवारी एल्डन पट्टी घेऊन आला तेव्हा आइलीनं दार उघडलं आणि त्याचा हातच धरला.

"बरं झालं आलास. तुझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही. माझ्या रेंजचे नॉब चोरीला गेलेत."

आत मार्लिस कॉफीचं भांडं धुवत होती. तिनं वळून पाहिलं. डोळे सुजले होते. "शुक्रवारी वृद्धाश्रमाला मी नाही म्हणून कळवलं," ती हलकेच एल्डनला म्हणाली. "सध्यापुरतं. रोज सांगते हिला, आई, तूच दिलेस. रोज भांडते ही."

"खोटं बोलते ही," आइली म्हणाली. "आधीही मला खोटी पाडत होती. तूच सांग. त्या दिवशी तू होतास ना?"

एल्डनच्या हातात नवी पट्टी होती. आज काहीही बोललं तरी चाललं असतं. शोधू म्हणता आलं असतं, नवे आणतो म्हणता आलं असतं.

"होतो," तो म्हणाला. "तुम्हीच काढलेत, मिसेस लाहटी. चारही. माझ्यासमोर."

"माझ्या हातानं?"

"तुमच्या हातानं."

तिनं आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. आतून काही सापडतंय का ते बराच वेळ शोधलं. सापडलं नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"आठवत नाही रे," ती म्हणाली. "पण तू म्हणतोस तर मीच काढले असणार. मग शहाणपणाच केला म्हणायचा मी."

मार्लिसनं एप्रनच्या खिशातून एक नॉब काढला. रेंजवरच्या दांड्यावर तो नीट बसेना. आइली जवळ गेली, लेकीच्या हातावर हात ठेवला आणि नॉब दाबून बसवला.

"असा," ती म्हणाली. "आता याला कॉफी दे. सकाळपासून उभा आहे बिचारा."